बोटीतून दिसलेला पिवळा कोट

शिकागो, आर्चर अ‍ॅव्हेन्यू
रविवार, चर्चमधून आल्या आल्या

आदरणीय गेनियाताई,

पत्राच्या पहिल्या शब्दांत प्रभू येशूची स्तुती असो (इथे तुम्ही ‘युगानुयुगे, आमेन’ म्हणाला असाल असं धरतो), दुसऱ्या शब्दांत तुमच्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी चौकशी, कारण मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की डावा सुधारलाय आणि उजवा त्याच्यावर जळतोय. तिसऱ्या शब्दांत माझी खुशाली. मी बरा आहे. म्हणजे साखर वर आहे, रक्तदाब तिच्या सोबतीला आहे, आणि काल दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून चुलीवर काही राहिलंय का ते बघून आलो. काही ठेवलेलंच नव्हतं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं कसं होतं ते तुम्ही जाणताच: तुम्ही बोलता, मी ‘हो ताई’ म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर आपण तो कशाला केला होता ते मला आठवतं. पत्रात निदान तुम्हाला मधे बोलता येत नाही. (हे वाक्य रागाने वाचू नका.)

तर विषय बोटीचा. मागच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आपण दफनभूमीत माझ्या आयरीनच्या, तुमच्या बहिणीच्या दगडापाशी मेणबत्त्या लावत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात की जगभरची माणसं येऊन तुमच्या नदीतून बोटीने इमारती बघून जातात आणि मी मिलवॉकीत, एवढ्या जवळ असून कोरडी राहिले. आधी तू जाऊन ये, बसायला नीट आहे का बघ, मग मला ने. मी ‘हो ताई’ म्हणालो. पण माझं लक्ष तुमच्या हातातल्या रुमालाकडे होतं. दगड सुरेखच आहे, त्याबद्दल वाद नाही. आपल्याकडे सगळेच करतात तसं तुम्हीही एका खेपेत दोघांची नावं कोरून घेतलीत: डावीकडे आयरीन कुल्पा, दोन्ही सालं, उजवीकडे झिगमंट कुल्पा, जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि त्यापुढे गुळगुळीत कोरी जागा. ती कोरी जागा तुम्ही दर वर्षी रुमालाने पुसता, आणि जेवायला उशीर करणाऱ्या पाहुण्याचं ताट पुसावं तशी पुसता. मला काही म्हणायचं नाही. नुसतं सांगितलं.

आता बोट पाहून आलो आहे आणि इमारतींबद्दल सविस्तर लिहिणार आहे. (नाही, हे जमत नाही. खरं म्हणजे पुढची गोष्ट तिसऱ्या पानावर हळूच घुसवायची असं ठरवलं होतं, पण तिसऱ्या पानापर्यंत माझा दम निघायचा नाही.) ताई, मी काल डेल्फीन व्रोनाला लग्नाचं विचारायला बोटीवर गेलो होतो. बसलेल्या आहात ना? नसाल तर बसा. आयरीनची अंगठी तिच्या डबीत आहे, डबी कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली तुमच्याचकडे आहे. त्यातलं काही हललेलं नाही.

डेल्फीनला तुम्ही ओळखता. आयरीनच्या दफनानंतरच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड तिने केलं होतं, आणि तुम्ही दोनदा वाढून घेऊन ‘शेपू जास्त झालीय’ म्हणाला होतात. चेस्टर व्रोनाची ती बायको. चेस्टर आयरीनच्याही आधी गेला. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी बिंगोचे आकडे तीच पुकारते, माइकशिवाय, आणि शेवटच्या बाकावरच्या ज्या म्हाताऱ्यांना पाद्रीसाहेबांचं प्रवचन ऐकू येत नाही, त्यांना डेल्फीनचे आकडे ऐकू येतात. उपासाच्या शुक्रवारची तळलेली मासळी आम्ही एका टेबलावर खातो. एवढंच. (एवढंच म्हणजे, तिच्या खिडक्यांच्या थंडीतल्या काचा मी काढतो-लावतो, आणि माझ्या विजारींचे काठ ती दुमडून देते.) पण तिचा मुलगा ग्रेगरी फीनिक्सला असतो. त्याने आईसाठी घराला वेगळी खोली जोडली आहे, न्हाणीघरासकट, आणि येत्या रविवारी तो गाडी घेऊन येतोय, आईला सामानासह न्यायला. ‘मॉम, इथे बर्फ पडत नाही,’ असं तो रोज फोनवर सांगतो. मुलगा गुणी आहे, हीच पंचाईत. नालायक असता तर दोन हात करता आले असते. डेल्फीन त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. म्हणजे काय ते मला कळलं होतं. जे काही विचारायचं ते त्या रविवारच्या आत, नाहीतर त्यापुढच्या शुक्रवारपासून मासळी एकट्याने.

घरी विचारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मी घसा खाकरला की ती उठून भांड्यातलं ढवळायला जाते. कॉफी पिताना गेली, पत्ते खेळताना गेली, एकदा तर चुलीवर भांडं नव्हतंच तरी गेली. (मघाशी मी उठलो तो गुण तिचाच लागलाय.) तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बोट पाहिजे. बोटीवर स्वयंपाकघर नसतं, आणि मधेच उतरून जाता येत नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं म्हणाल, तर म्हणा. माझ्या गुडघ्यांना आजवर बाशिंग सोडून बाकी सगळं बांधून झालंय.

शनिवार धरला हीच पहिली चूक. उभा जन्म मी या शहरात बस हाकली, आणि वसंतातला शनिवार म्हणजे काय हे मीच विसरावं! हिवाळाभर दक्षिणेच्या आवारांत ताडपत्रीखाली झोपलेल्या शिडाच्या होड्या या दिवसांत शनिवारी सकाळी रांगेने आमच्या समुद्राएवढ्या तळ्याकडे निघतात, आणि त्यांच्या डोलकाठ्या उंच म्हणून आमचे पूल एकामागून एक दुभंगून आभाळाकडे तोंड करतात. घंटा वाजते, फाटक पडतं, आणि चार हौशी लोकांना बिअर पीत तळ्यावर जाता यावं म्हणून अख्खं शहर ताटकळतं. ‘पूल वर गेला होता’ ही आमच्याकडची उशिराची सर्वमान्य सबब आहे. साहेब मानतात, बायका मानतात, न्यायाधीशही मानतात. मी ती इतक्या वेळा दिली आहे की माझ्यावर उलटायचीच होती.

धक्क्यावर आम्ही वेळेआधी पोचलो. दिवस छान होता, म्हणजे तळ्यावरून येणारा वारा कान कापत होता पण ऊन होतं. रांगेत उभा राहिलो आणि आरशासमोर पाठ केलेलं माझं सगळं भाषण डोक्यातून साफ उडालं. थोडा वेळ एकट्याला मिळाला तर आठवेल असं वाटलं, म्हणून मी डेल्फीनला म्हटलं की पलीकडच्या काठावर ते चीजचे आणि कॅरॅमलचे एकत्र पॉपकॉर्न मिळतात, तेवढे आणतेस का.

‘आत्ता? बोटीत चढायच्या वेळेला?’

‘वेळ आहे गं.’

‘आणि तू काय करणार?’

‘मी जागा धरतो.’

बिंगोत खोटंच ओरडून उठणाऱ्याकडे ती जसं बघते तसं तिने माझ्याकडे बघितलं, पर्स माझ्या हातात दिली (‘सांभाळ, फोन आहे त्यात’), मी दिलेली नोट कोटाच्या खिशात घातली आणि पूल ओलांडून गेली. कोट पिवळा, ईस्टरला घेतलेला. एवढा पिवळा कोट या वयात कशाला असं मी तेव्हा म्हणालो होतो. आता म्हणणार नाही.

वरच्या मजल्यावर कडेच्या दोन खुर्च्या मी पटकावल्या. एकीवर मी, एकीवर पर्स. तुमच्या मिलवॉकीत कसं चालतं मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत एखाद्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली आणि तिथे मोडकी खुर्ची ठेवली, की ती जागा बर्फ वितळेपर्यंत त्याची. ती खुर्ची हलवायची पोलिसाची टाप नाही, पाद्र्याची नाही. आम्ही देवाच्या दहा आज्ञांमधल्या दोन-तीन मोडत असू, पण खुर्ची हलवत नाही. त्यामुळे आयोवाहून आलेल्या एक भल्या बाई, गळ्यात दुर्बीण, त्यांनी ‘इथे कोण बसलंय?’ असं विचारलं तेव्हा मी ‘पर्स’ म्हणालो. ‘पर्सचे पाय दुखतायत का? माझे दुखतायत,’ असं त्या म्हणाल्या. मी हललो नाही. आणि तेवढ्यात घंटा वाजली, फाटक पडलं, आणि डेल्फीन ज्या पुलावरून गेली होती तो माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला. शिडाच्या होड्या डौलात निघाल्या. एकेका होडीवरचे लोक आम्हाला हात करत होते. मी त्यांना जे केलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

उठून खाली जावं तर जागा जाते, न जावं तर बाई जाते, अशा पेचात मी उत्तरेच्या काठाकडे डोळे लावून बसलो. होड्या संपल्या. पूल खाली आला. भोंगा वाजला. मी उत्तरेकडेच बघतोय. बोट हलली तरी मी उत्तरेकडेच. शेवटी आयोवाच्या बाईंनी माझी बाही ओढली. ‘रांगेत तुमच्यासोबत होता तो पिवळा कोट शोधताय ना? तो तुमच्या पाठीमागे आहे.’ वळून बघतो तर डेल्फीन दक्षिणेच्या काठावर, आमच्याच धक्क्यावर, पॉपकॉर्नची पिशवी छातीशी धरून उभी! काखेत कळसा नि गावाला वळसा. पूल उतरताच बिचारी धावत सुटली असणार आणि वाव-दोन वावांनी बोट चुकली. मी दोरी गुंडाळणाऱ्या माणसाला ओरडून सांगितलं, थांबव! तो म्हणाला, ‘आजोबा, ही बस नाही.’ ताई, हे मला! धावत येणाऱ्या बाईसाठी बस थांबवून मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत.

मग डेल्फीन चालायला लागली. नदीच्या दक्षिण अंगाने पाण्यालगत फरसबंद वाट आहे, आणि बोट चालते ती मिरवणुकीच्या चालीने, कारण दर इमारतीपाशी रेंगाळत तिचं कूळ-मूळ सांगायचं असतं. ते सांगायला मिस हॅडली नावाच्या बाई होत्या. लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या, हौसेने हे फुकट काम करणाऱ्या, हातात माइक. त्यांना इमारतींचं प्रेम आहे आणि उभ्या राहणाऱ्या माणसांचा तिटकारा आहे. मी उभा राहिलो की त्या मधेच थांबून ‘पूल येतोय, खाली बसा’ म्हणायच्या. मी बसायचो, पूल गेला की उठायचो. एकदा उठलो तेव्हा माझी खुर्ची आयोवाच्या बाईंनी घेतली. घेऊ दे. पर्सची घेतली नाही, आणि मी त्यांना घेऊ दिली नसती.

तुम्ही विचाराल, इमारती कशा आहेत. उत्तरेच्या काठावरच्या फार सुंदर असाव्यात, कारण अख्खी बोट उजवीकडे वळून ‘अहाहा’ करत होती आणि मी एकटा डावीकडे तोंड करून उभा होतो. मक्याच्या कणसांसारखे दोन गोल मनोरे माझ्या पाठीमागून गेले. मग एक भली दांडगी व्यापाराची इमारत गेली. ती किती दांडगी आहे हे मला मिस हॅडलींचं बोलणं संपेना त्यावरून कळलं. दक्षिण काठाबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. तिथे दर पुलाखालून वाट जाते. पिवळा कोट एका अंगाने आत शिरला की दुसऱ्या अंगाने बाहेर येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आणि दर पुलापाशी वर रस्त्यावर जायच्या पायऱ्या आहेत. वर बस मिळते. म्हाताऱ्यांचा फुकट पास तिच्या कोटाच्या खिशातच असतो. म्हणजे दर पुलापाशी ती मला सोडून घरी जाऊ शकत होती, आणि घरून फीनिक्सला. आयोवाच्या बाईंना मी हे सगळं कधी सांगितलं ते मला आठवत नाही, पण त्यांनी दुर्बीण लावून पुकारायला सुरुवात केली होती: ‘आत गेली... थांबा... आली! पॉपकॉर्न खातेय!’

नदी जिथे फुटते तिथे वळणावर एक हिरव्या काचेची इमारत आहे, नदीसारखीच वाकलेली. ती मात्र मी पाहिली. तिच्यात आमची सगळी बोट दिसत होती, सगळी माणसं शहाण्यासारखी बसलेली, आणि मधे एक म्हातारा बायकी पर्सच्या खुर्चीला धरून उभा. मला वाटलं, कोण हा वेडा? मग त्याने माझ्यासारखीच टोपी सारखी केली.

पुढे काठावरची वाट संपते. बोट उत्तरेच्या फाट्यात शिरली आणि पिवळा कोट दिसेनासा झाला. मिस हॅडली जुन्या गोदामांच्या विटांबद्दल बोलत होत्या, आणि नेमका तेव्हा पर्समधला फोन वाजायला लागला. ग्रेगरीचाच असणार. मी दुसऱ्याच्या पर्समध्ये हात घालत नाही, ही तुमच्या बहिणीने लावलेली शिस्त. फोन वाजत राहिला. थांबला, परत वाजला. खोली तयार आहे, बर्फ पडत नाही, खोली तयार आहे, असं मला त्यात ऐकू यायला लागलं. मी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागलो, तेव्हा कुणीतरी म्हणालं की या काकांना खाली बसवा, बोट कलतेय. खरं सांगतो ताई, त्या वळणापासून परत येईपर्यंत मला भीती वाटली. आयरीन गेली तेव्हा दुःख झालं होतं, पण भीतीला काही जागा उरली नव्हती. काल ती वाटली.

बोट फिरून दक्षिणेच्या फाट्याला लागली. समोर लेक स्ट्रीटचा पूल, दुमजली, वरून आगगाडी, खालून रस्ता. ‘पिवळा!’ आयोवाच्या बाई किंचाळल्या. डेल्फीन पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती. आता नाही तर कधीच नाही. मी तोंडाशी हात धरून विचारायला लागलो, आणि वरून गाडी आली. लोखंडी पूल, लोखंडी गाडी. मी काय ओरडतोय ते मलाच ऐकू येईना. बोट पुलाखाली शिरली. रस्त्याची लोखंडी जाळी असते ना आमच्याकडे, तिच्यातून मला वर तिच्या बुटांचे तळवे रस्ता ओलांडताना दिसले, घाईघाईने, एका मोटारीला थांबवून. म्हणजे तीही दुसऱ्या कठड्याकडे येत होती. हे बघून मला एवढा जोर आला की गाडी निघून गेलीय हे ध्यानातच आलं नाही, आणि बोट बाहेर पडताच मी सगळा श्वास लावून ओरडलो: ‘डेल्फीन, फीनिक्सला जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर!’ दोन्ही काठांवरची माणसं थांबली. मिस हॅडलींच्या हातातला माइक खाली आला. डेल्फीन वरून वाकली, आणि बिंगोच्या आवाजात, अगदी शांतपणे, तिने विचारलं:

‘आणि दगडाचं काय, झिगी?’

बोट पुढे निघून गेली. बोटी थांबत नाहीत हे मघाशीच कळलं होतं.

मग सगळी बोट माझ्यावर पडली: कसला दगड? सांगावंच लागलं. माझं नाव आयरीनशेजारी कोरून तयार आहे, तिचं नाव दुसऱ्या दफनभूमीत चेस्टरशेजारी कोरून तयार आहे, दोघांच्याही पुढे रेघ आणि कोरी जागा. बोटीत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, नवा दगड घ्या. दुसरा म्हणाला, वा रे वा, आणि जुन्या दगडावरचं नाव काय खरवडणार? आयोवाच्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे राख मक्यात उधळतात, कटकट नाही. मिस हॅडलींनी उंच काळ्या टॉवरकडे बोट दाखवून त्याचं नवं नाव उच्चारलं तेव्हा मात्र सगळी इथली माणसं भांडण थांबवून एका सुरात त्याचं जुनं नाव, ‘सीअर्स!’, असं ओरडली. मीही ओरडलो. तेवढी एक इमारत मी नीट पाहिली. ती आहे तशीच आहे.

परतताना लेक स्ट्रीटचा पूल पुन्हा दिसायला लागला तेव्हा मिस हॅडलींनी हार मानली. त्या माइकवर म्हणाल्या, ‘समोर लेक स्ट्रीटचा दुमजली पूल. त्यावर डावीकडे, पिवळ्या कोटात, मघाशी दगडाबद्दल विचारणाऱ्या बाई.’ आणि माइक माझ्या हातात दिला. ताई, एवढ्या वर्षांनी हातात माइक आला आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? ‘पुढे सरका, दार मोकळं सोडा.’ लोक हसले. डेल्फीनही हसली असावी. लांबून नीट दिसलं नाही. मग मी जे बोललो त्यातलं आरशासमोरचं एक अक्षरही नव्हतं. म्हटलं, डेल्फीन, दगड आहेत तिथेच राहू देत. तू चेस्टरशेजारी, मी आयरीनशेजारी, त्यात फरक नको, ते आपणच कबूल केलेलं आहे. दगड म्हणजे बर्फातली खुर्ची. ठेवली, जागा झाली, आता ती कुणी घेत नाही. पण खुर्ची ठेवली म्हणून माणसाने हिवाळाभर तिच्याशेजारी उभं राहायचं नसतं गं. घरात जाऊन ऊब घ्यायची असते.

बोट पुलाजवळ आली. डेल्फीनने पिशवीतून एक पॉपकॉर्न काढून तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाली, ‘आधी खाली बस. डोकं आपटेल.’ मी बसलो नाही, पण वाकलो.

उतरलो तेव्हा ती धक्क्यावर होती. पिशवीत चीजचे सगळे संपलेले, कॅरॅमलचे तेवढे माझ्यासाठी ठेवलेले. पर्स घेतली, उघडून बघितली.

‘ग्रेगरीचा होता ना? उचलला नाहीस?’

‘तुझी पर्स मी कशी उघडणार?’

‘हं,’ म्हणाली. मग बसमध्ये घरापर्यंत आम्ही बर्फाबद्दल बोललो. उतरताना तिने एक गोष्ट सांगितली, ती खाली लिहितो, कारण इथे कागद संपत आलाय आणि मला पुन्हा उठावंसं वाटतंय. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. बोटीचा अहवाल असा की बोट चांगली आहे, तुम्ही जरूर या. खुर्च्या गुडघ्यांना कशा आहेत ते मात्र सांगू शकत नाही, नीट बसलोच नाही. मांजरीच्या पाठीवर माझ्या वतीने हात फिरवा. देव तुम्हाला पुढच्या पायऱ्यांचं बळ देवो.

तुमच्या बहिणीचा नवरा (तो मी कायमच),
झिगमंट कुल्पा

ता. क. ती गोष्ट अशी. डेल्फीन म्हणाली, ‘तुझ्या मेव्हणीकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक रिकामं ताट मांडतात ना, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी? ते तुम्ही सगळे मनातून आयरीनचं समजता. मी त्या ताटावर बसणार नाही. तिने माझ्या नावाचं वेगळं ताट मांडते म्हणून सांगितलं तर मी इथे राहीन. नाहीतर फीनिक्सला ताट आहेच.’ ताई, नाताळ लांब आहे हे मलाही कळतं, पण शब्द आजही देता येतो. ग्रेगरी रविवारी येतोय. उलट टपाली लिहा. फोन करा म्हणालो असतो, पण फोनवर मी फक्त ‘हो ताई’ म्हणेन, आणि या खेपेला ते तुम्ही म्हणायला हवं.

ता. क. दुसरा. दबाव नाही. फक्त एवढीच आठवण करून द्यायची की आयरीन गेल्यापासून आपलं टेबल विषम झालंय, आणि विषम टेबल अशुभ म्हणून तुम्ही दर वर्षी ऑर्गनवाल्या क्लेमेन्सला बोलावता. तो कार्प माशाचा मधला तुकडा खातो आणि दुसऱ्या गाण्याला घोरतो. डेल्फीन आली तर टेबल सम होतं. शेपूचं मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, मग दोनदा कशाला घेतलं?

ता. क. तिसरा. अक्षर वेगळं दिसेल. मी डेल्फीन. झिगीकडे टपालाचं तिकीट नव्हतं म्हणून पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, आणि पाकीट उघडं होतं. सगळं खरं लिहिलंय, एक सोडून. माझी बोट चुकली नव्हती. पूल उतरला तेव्हा मी वेळेत धक्क्यावर आले होते. दोरीवाला माझ्यासाठी दोर हातात धरून थांबला होता. मीच त्याला ‘जा’ म्हणून खूण केली. हा काय विचारणार ते मला ठाऊक होतं, आणि जिथून उतरता येत नाही तिथे बसून दिलेला होकार कसला? काठावरून मला केव्हाही जाता आलं असतं. दर पुलापाशी पायऱ्या होत्या, पास खिशात होता. मी चढले नाही. हे त्याला सांगू नका, पूल वर गेला होता म्हणून आपण हुकलो यात त्याला समाधान आहे. ताटाचं तुम्ही तुमच्या मनाने ठरवा, माझा राग नसेल. मी काय पाहिलं तेवढं सांगते. इमारती मीही पाहिल्या नाहीत. काठावरून असो की पुलावरून, मला एकच दिसत होतं: सगळी बोट बसलेली, हा माणूस वाऱ्यात उभा, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स.